सुनेच्या भाषणात माझं तोंड

सर्जापूर रोड, बेंगलोर
९ फेब्रुवारी, रविवार

तानूवन्संना सगुणाचा नमस्कार.

आम्ही सगळे बरे आहोत. तुमचे गुडघे, तुमची म्हैस आणि तुमचा राग, तिन्ही जागेवर असतील असं धरून चालते. फोन सोडून कागद का घेतला म्हणाल, तर तुमची सून फोन स्पीकरवर लावते आणि अख्खी गल्ली ऐकते. हे पत्र एकट्यानं वाचायचं. चष्मा सापडत नसेल तर डोक्यावर बघा.

आधी गंमत सांगते. काल आमच्या ऋचानं मला दातांच्या डॉक्टरांच्या मोठ्या संमेलनाला नेलं. देवनहळ्ळीकडं एक हॉटेल आहे, तिथं. मुख्य भाषणं तिघांची, त्यात एक आपली सूनबाई. दारात माणसाएवढा प्लास्टिकचा जबडा ठेवलेला. हजारभर डॉक्टर, आणि चहाच्या सुट्टीत सगळ्यांची झुंबड कुठं, तर म्हैसूरपाकावर. मी एकाला म्हटलं, दात किडतील हो. तो हसला आणि अजून एक उचलला.

पहिला साहेब जर्मनीचा. मशीनवर दात कसे छापतात ते त्यानं दाखवलं. दुसरे श्रीरंग सर, ऋचाचे गुरुजी. त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या इथलीच मराठी, अर्धी कानडी. भाषण मात्र इंग्रजीत केलं. चांगलंच केलं असणार, कारण मला छान डुलकी लागली.

मग ऋचा उठली. विषय, तंबाखूनं तोंडाची होणारी दुखणी. पडद्यावर भिंतीएवढा फोटो आला. गालाच्या आत पांढरा चट्टा.

वन्सं, ते तोंड माझं होतं.

हो, मिश्री. ऋचा दवाखान्यात गेली की मी खिडक्या उघडून तव्यावर तंबाखू भाजायची. पूर्वी सासूपासून लपवली, आता सुनेपासून. डिसेंबरात दाढ ठणकायला लागली. घरच्या डॉक्टरला दाखवावं तर ती सगळंच तोंड बघणार. म्हणून रिक्षा, मेट्रो करत पार बसवनगुडीत गेले आणि पाटी बघून एका दवाखान्यात शिरले. भव्या नावाची तरुण पोरगी डॉक्टर. ‘स्वल्प, स्वल्प अक्का’, म्हणजे जरासंच, असं म्हणत तिनं आरसा आत घातला आणि दिव्याचा झोत गालावर वळवला. दाढ राहिली बाजूला. चट्टा मोठ्या डॉक्टरला दाखवा म्हणून चिठ्ठी दिली. घरी येऊन वाचते तर चिठ्ठीवर नाव डॉक्टर ऋचाचं. एवढ्या मोठ्या गावात तिला आमचीच बरी सापडली.

दोन दिवस चिठ्ठी उशाखाली ठेवली. तिसऱ्या दिवशी ऋचाच्या चहाच्या कपाला टेकवून ठेवली. ती ओरडली असती तर मला भांडता आलं असतं. ती ओरडलीच नाही. माझा हात धरून बसून राहिली. मग गालाचा बारीकसा तुकडा काढून तपासायला पाठवला. कॅन्सर नाही निघाला. पण त्या वाटेला लागलं होतं. आता मिश्री बंद आणि दर तीन महिन्यांनी तोंड दाखवायचं. आज सत्तावन्न दिवस झाले. पहिले आठ दिवस मी लेकावर, सुहासवर, इतकी खेकसले, की तो ऑफिसला तास तास आधी जायला लागला. सुटायला लई जड जाते, खोटं कशाला सांगू. पण जेवणाला चव आलीय.

फोटो दाखवू का, असं ऋचानं आधी विचारलं होतं. दाखव, नाव सांगू नको, असं मी म्हटलेलं.

तर भाषण झाल्यावर कुणीतरी प्रश्न विचारला. शेजारी सुहास होता, त्यानं अर्थ सांगितला. अशा बायका वेळेवर येतच नाहीत, मग ही कशी आली? ऋचा घुटमळली. माझ्याकडं नजर जाऊ नये म्हणून छताकडं बघायला लागली. मग मीच उठले. म्हटलं, ते तोंड माझं. दाढ दुखली म्हणून गेले आणि सुनेला कळू नये म्हणून लांब गेले. ऋचानं त्याचं इंग्रजी केलं तसा हॉल हसला. मी तशीच उभी राहिले. म्हटलं, “माझी नणंद आहे गावाला. तिला कसं आणायचं, ते सांगा.”

तेही ऋचानं इंग्रजीत सांगितलं. जर्मन साहेबानं माईक श्रीरंग सरांकडं सरकवला. सर मराठीत म्हणाले, “अक्का, चाळीस वर्षं भाषणं देतोय मी. ते ऐकून पेशंट आलेला बघितला नाही. कुणीतरी घरचं हात धरून आणतं. तुम्हीच जावा. सरी?” म्हणजे, ठीक ना?

तेव्हा आता खरं ते लिहिते. दिवाळीला तुम्ही ताकभात कालवून खात होता. ठेचा ताटातून बाजूला काढलात. घास उजव्या गालाकडं जाऊ देत नव्हता. मी सगळं बघितलं आणि बोलले नाही. बोलले असते तर तुम्ही म्हणाला असता, वैनी, आधी तुझी डबी दाखव. माझी मिश्री सुटू नये म्हणून मी तुमचं दुखणं दिसून न दिसल्यासारखं केलं. आज तुमचे दादा हयात असते, तर हे त्यांनाही सांगायचं धाडस मला झालं नसतं. संक्रांतीला तुमची सून म्हणाली, आत्यांचा अजून ताकभातच चाललाय. ऋचा म्हणते, पंधरा दिवसांत न भरलेली तोंडातली जखम दाखवायचीच. काही नसेलही. असलं तरी लवकर बघितलेलं बरं असतं.

आणि मिश्री तुम्ही शिकवलीत म्हणून मला असं झालं, हे मनात आणू नका. नवी नवरी गोठ्यात रडत बसलेली, तुम्ही येऊन तळहातावर चिमूट ठेवलीत. त्या घरात मला आपणहून काही देणारं पहिलं माणूस तुम्ही होता.

बावीस तारखेला, शनिवारी सकाळी, आम्ही मिरजेला उतरून तुमच्याकडं येतोय. येऊ नका म्हणायला फोन केलात तर मी उचलणार नाही. काय नाही म्हणायचं ते दारात उभं राहून म्हणा. मोठ्यानं, तोंड पुरतं उघडून म्हणा. माझ्या मागं ऋचा बॅटरी घेऊन उभी असेल.

तुमचा हात धरायला निघालेली,
तुमची वैनी
सगुणा