साडी दिली आणि बाई यायची थांबली

आई, तुझ्या नातवाला मुलगी झाली. आम्ही आता शेलूला नव्या इमारतीत राहतो, आणि बाळ-बाळंतिणीच्या मालिशला जवळच्या गावातून एक बाई येते. पहिल्या दिवशी तिनं पाय पसरून बाळाला त्यावर घेतलं, तेलाची वाटी तुझ्यासारखीच डावीकडे सरकवली, आणि मला उगाच स्वयंपाकघरात जाऊन भांडी लावत बसावं लागलं. चांगली बाई आहे. सुनेला बाळंतपणानंतर वाकता येत नव्हतं, ती चार दिवसांमागे आपणहून खाली मांडी घालून बसली. मला इतका आनंद झाला की शेजारणींना विचारलं, अशा वेळी वरचं काय द्यावं? एक म्हणाली, फोनवरून पैसे टाका. दुसरी म्हणाली, लाडावून ठेवू नका, उद्या आमच्याकडेही मागतील. मी दोघींचं ऐकलं नाही. साडी आणली, वर नारळ ठेवला आणि तिच्या हातात दिली. त्याच सकाळी मुलानं तिचा महिनाही चुकता केला होता. बाई जरा थबकली, बाळाच्या गालावरून हात फिरवला आणि गेली. मी स्वतःवर भलतीच खूश. दुसऱ्या दिवशी ती आलीच नाही.

गरम केलेलं तेल गार झालं. सून म्हणाली, दुसरं चांगलं घर मिळालं असेल. बाईकडे फोन नाही, आणि माथेरानला हॉटेलात कामाला असलेल्या तिच्या मुलाचा लागेना. शेवटी मीच बाळाला अंघोळ घालायला बसले, तर पोरीनं घर डोक्यावर घेतलं. तिला पुसता पुसता मला नेरळचं आपलं घर आठवलं, तू बाळंतिणींकडे मालिशला जायचीस तेव्हाचं. मी शाळेतून येते, तू चुलीपुढे नुसतीच बसलेली. दोरीवर कोरी साडी, घडीही न मोडलेली. मी हरखून विचारते, कुणी दिली गं? तू म्हणतेस, "काम सुटलं." बाळंतिणीचा सव्वा महिना झाला की शेवटच्या अंघोळीला साडी-नारळ देऊन बाईला निरोप द्यायचा, ही आपल्याकडची रीत, आणि त्या घरानं मधेच साडी दिली होती. काय चुकलं, हे तू रात्रभर आठवत राहिलीस. सकाळी त्या घरचा माणूस सायकल दामटत दारात. बाळ रडतंय, बाई का आल्या नाहीत? साडी तर खुशीनं दिली होती. तू हसत हसत पदर खोचलास आणि निघालीस. परत आल्यावर माझी वेणी घालताना मला म्हणालीस, "कुणाला जास्तीचं देशील ना, तवा तोंडानं सांग, उद्या ये म्हणून. नायतर त्या मानसाला वाटतं, आपल्याला काढलं."

मी तशीच रिक्षा करून बाईच्या गावी गेले. ती ओट्यावर तांदूळ निवडत होती. आत दोरीवर माझी साडी, घडी तशीच. मला पाहून ती उठली आणि आधी बाळाचं विचारलं. मी म्हटलं, साडी आनंदाची होती गं, निरोपाची नव्हती. उद्या ये.

तिनं हातातलं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "मना वाटलं, माझ्या हातात कायतरी कमी हाय. आमी गरीब, इचारनार कुनाला?"

आई, मला तिथं तिच्यापेक्षा तुझाच चेहरा दिसत होता. वेणी घालताना सांगितलेल्या त्या एका वाक्यासाठी मी तुझी किती ऋणी आहे, हे तुला सांगायचं राहून गेलं. तू ते शिकवलं नसतंस तर मीही म्हटलं असतं, मिळालं असेल दुसरं घर, आणि नवी बाई शोधली असती.

आज ती आली, नवी साडी नेसून. बाळ झोपल्यावर तळहाताला राहिलेलं तेल तिनं पुसून टाकलं नाही. तू कामावरून आलीस की माझ्या केसांना लावायचीस ना, तसं तिनं न विचारता माझा गुडघा पुढे ओढला आणि चोळायला लागली. वर म्हणाली, काकी, चालताना लंगडता तुमी, मी बघते रोज. हे पत्र कुठे पाठवणार, पोथीच्या कपाटात राहील. पण तुला म्हणून सांगते, दुखतो तो गुडघा दुसरा आहे. मी तोच चोळून घेतला.