नदीकाठचा भोंगा

ता. २ ऑगस्ट
ती. ताईस,
सा. न. वि. वि.

नव्या घरी बस्तान बसलं. गल्लीच्या टोकालाच नदीकाठचं उद्यान आहे. पक्षी बघायला मचाण, झाडांखाली बाकं, आणि खाली पात्रात सपाट खडक. यांचा विसर वाढतोच आहे. डॉक्टर म्हणाले, रोज मोकळ्या हवेत न्या. तिथे गेले की चेहरा निवळतो, पण बसायचं असतं त्या खडकांवरच. फाटकावरचा रखवालदार सांगत होता, वरच्या धरणातून पाणी सोडायचं झालं की भोंगा वाजतो; वाजला की ताबडतोब वर यायचं. तुझा गुडघा काय म्हणतो?

तुझा हात डोक्यावर असू दे.
तुझी बारकी

ता. ९ ऑगस्ट
चि. बारकीस,
अ. उ. आ.

पत्र वाचून जीव खालीवर झाला. खडकांवर अजिबात जायचं नाही. वर कठड्याशी बाकावर बसा. त्यांचा हात सोडू नकोस, आणि चपला नकोत, बूट घाल. पात्र कोरडं दिसलं म्हणून भुलू नकोस. पाणी वर कुठेतरी सुटतं आणि खाली लख्ख ऊन असतं. फोरमनसाहेबांना म्हणावं, उभी गिरणी तुम्ही धाकात ठेवलीत, आता थोरल्या मेहुणीच्या धाकात राहा. मीच आले असते, पण दोन पायऱ्या उतरले की गुडघा संप करतो. इथे बसून नुसती लिहिते आहे.

माया आहे ती वाढती ठेव.
तुझी ताई

ता. २१ ऑगस्ट
ती. ताईस,
सा. न.

लिहायचं धाडस होत नव्हतं. तू सांगितलंस ते सगळं केलं होतं. वरचं बाक, पायात बूट, हातात हात. सोमवारी भोंगा वाजला. खालची माणसं भराभर वर यायला लागली, आणि हे हात झटकून उठले. म्हणाले, पाळी सुरू झाली, मला पोचायला हवं. पायऱ्या उतरायलाच लागले. मी ओढलं, पण अंगात अजून ताकद आहे गं त्यांच्या. वर येणाऱ्यांना दटावत होते, कुठे निघालात, आपापल्या यंत्रावर जा. मी नावाने हाका मारल्या, वळूनही बघितलं नाही. पाणी घोट्याला लागलं तेव्हा रखवालदाराने आणि पक्ष्यांचे फोटो काढायला आलेल्या एका बाईने त्यांना बखोटीला धरून वर आणलं. बघता बघता खडक दिसेनासे झाले. हे मात्र घरी येईपर्यंत चिडलेले, हजेरी बुडाली म्हणून.

आता उद्यानात जात नाही. पण भोंगा घरातही ऐकू येतो. वाजला की बूट शोधतात. मी दाराला कुलूप घालते आणि किल्ली मुठीत धरून बसते. काल माझ्यासमोर उभे राहिले आणि अगदी अदबीने म्हणाले, बाई, सोडा मला. काम गेलं तर घरी बायकोला काय सांगू, ती फार काळजी करते.

तुला सगळं सुचतं, ताई. त्यांना काय सांगू, एवढं कळव. सवडीने लिही, पण लिही.
तुझी बारकी