शेवटच्या ओळीचा पुरावा

मात्र हे आईला कधीही कळता कामा नये.

शनिवार, १४ मार्च

तीर्थस्वरूप मामांस साष्टांग नमस्कार.

तारखेच्याही डोक्यावर जी ओळ छापलेली दिसते आहे ती या पत्रातली नाही. तिच्याकडे तूर्त दुर्लक्ष करावं. ती तिथे कशी आली, तेच तर सांगायचं आहे.

नऊ महिने पत्र नाही, याबद्दल आधी क्षमा मागते. तुम्ही आईसाठी केलेल्या ‘छाप’ या आज्ञावलीच्या माहितीपत्रकात म्हटलं आहे, ‘छाप काही बोलली नाही, म्हणजे काम झालं असं समजावं.’ माझ्या गप्प बसण्याचाही तुम्ही तसाच अर्थ घेतला असेल, अशी आशा होती. (ही सबब आहे हे मला कळतं. डायरीत मी ती ‘सबब’ म्हणूनच नोंदवली आहे.) तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला गेला का? तुमच्या लेकीला आठवा महिना लागला हे मला कळलं आहे. आईला कळलेलं नाही, असं आईचं म्हणणं आहे.

आता मुद्द्यावर येते. अठरा वर्षांपूर्वी तुम्ही आईला तो युनिक्सवाला कॉम्प्युटर जोडून दिलात आणि त्याला पाठीमागून जाड केबलने ठोकळ्याएवढा प्रिंटर लावून दिलात, तेव्हापासून तिचे विणकामाचे सगळे नमुने त्यातच आहेत. सुलट टाक्याला टिंब, उलट टाक्याला फुली. कडेला भोकं असलेल्या सलग कागदावर दोन-दोनशे ओळींचा नमुना करकर करत उतरतो, आई तो पडद्याच्या दांडीला चिमट्याने लटकवते आणि समोर खुर्ची टाकून विणत बसते. या अठरा वर्षांत तिची एकच तक्रार होती, की प्रिंटर नमुन्याची शेवटची ओळ गिळतो आणि पुढच्या नमुन्याच्या डोक्यावर ओकतो. (शब्द तिचे.) म्हणून प्रिंटरशेजारी कात्री आणि डिंकाची बाटली कायमची. वरची ओळ कापायची, मागच्या नमुन्याच्या शेपटाला डकवायची. तुम्ही म्हणायचात, असं होऊच शकत नाही. ती म्हणायची, होतं. इथवर सगळं प्रेमाने चाललं होतं.

मग जूनमध्ये तो कॉम्प्युटर वारला. नवीन घेताना मागे पंचवीस पिनांची ती रुंद खाच हवी, हे मी चार दुकानांत सांगितलं आणि चारही दुकानदारांनी माझ्याकडे मी बैलगाडीचं चाक मागितल्यासारखं पाहिलं. शेवटी गेल्या महिन्यात एका दुरुस्तीवाल्याकडे मिळाला, जुन्यातल्या फायलीही त्यानेच नव्यात उतरवून दिल्या. (त्याला सगळे ‘डॉक्टर’ म्हणतात, कारण तो बिघडलेल्या यंत्राला आधी हात लावून ताप बघतो.) ‘छाप’ त्यावर बसवायची म्हणून मी तुमचं माहितीपत्रक (तेही ‘छाप’सोबत मशीनमध्येच असतं) पहिल्यांदाच मोठ्याने वाचायला घेतलं. आई शेजारी लोकर गुंडाळत होती. मी वाचत वाचत ‘दोष’ या मथळ्याशी आले आणि थांबायला हवं होतं, पण वाक्य छोटं असल्यामुळे थांबेपर्यंत संपलं होतं: ‘दोष: एकही नाही. ताईला विचारल्यास एक आहे.’

मामा, तुम्ही हे थट्टेनेच लिहिलं असणार. पण लोकरीचा गुंडा खाली ठेवून आई म्हणाली, “अठरा वर्षं माझ्या घरात, माझ्याच मशीनमध्ये हे लिहून ठेवलंय?” त्यानंतर तुमचे जे चार फोन आले ते तिने का उचलले नाहीत, याचा खुलासा आज होतो आहे.

मी न्यायाधीश होण्याच्या लायकीची नाही, पण डायरीत (तीही त्याच कॉम्प्युटरवर) निकाल देण्याची मला खोड आहे. या मंगळवारी रात्री मी प्रामाणिकपणे लिहिलं, की मामा शिकलेले आहेत, मामांचंच बरोबर असावं, आई हट्टी आहे. शेवटी एक वाक्य घातलं आणि झोपले. बुधवारी सकाळी ‘छाप’ चालते का ते बघायचं होतं. आईचा नमुना चाचणीला वापरणं मला अन्यायाचं वाटलं. दुसऱ्याच्या वस्तूवर प्रयोग करू नये, स्वतःच्या करावा. म्हणून मी डायरीतलं ते एक पान दिलं. मोठी अक्षरं यावीत म्हणून आज्ञेपुढे डॅश आणि ‘म’ही लावला. एंटर दाबलं. ‘छाप’ काही बोलली नाही. म्हणजे काम झालं. पण प्रिंटर ढिम्म. मी परत दिलं. परत शांतता, परत काम झालेलं. असं मी अकरा वेळा केलं. (आठव्या वेळेनंतर थांबून विचार करायला हवा होता. विचार केला नाही, मोजत मात्र होते.) मग मी डॉक्टरला बोलवायला गेले.

अकराही कामं रांगेत निमूट उभी होती, कारण केबल अर्धीच बसली होती. मी गेल्यावर मागे आईने धूळ पुसायला घेतली, केबल अंगठ्याने आत दाबली आणि डॉक्टर आणि मी दारात आलो तेव्हा कागद स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आला होता. आई चष्मा लावून उभी. डॉक्टरने यंत्राचा ताप पाहिला, माझ्याकडे पाहिलं, “पेशंट ठणठणीत आहे” म्हणाला आणि चहा न घेता गेला.

आई एवढंच म्हणाली, “अकरा वेळा लिहिलंस. म्हणजे चांगलंच पटलेलं दिसतंय.”

मी पाय धरणार, तेवढ्यात तिने कागद जमिनीवर पसरला आणि बोट ठेवलं. पहिल्या पानाखाली माझं शेवटचं वाक्य नव्हतं. ते दुसऱ्या पानाच्या डोक्यावर होतं. दुसऱ्याचं तिसऱ्याच्या. असं दहा वेळा, मोठ्या ठळक अक्षरांत: ‘मात्र हे आईला कधीही कळता कामा नये.’ मामा, अठरा वर्षांत एवढी खूश झालेली आई मी पाहिली नाही. “बघ,” ती म्हणाली, “गिळतो की नाही?” माझ्या अपराधाबद्दल ती बोललीच नाही. पुरावा हाती असल्यावर साक्षीदाराला कोण रागावतं!

अकराव्या पानाचं ते वाक्य प्रिंटरच्या पोटातच राहिलं होतं. गेले चार दिवस आईने प्रिंटर बंद करू दिला नाही, तुम्हाला नमुना म्हणून पाठवायचं म्हणून. तेच या पत्राच्या डोक्यावर आहे. आणि हे पत्रही तिच्या सांगण्यावरून ‘छाप’नेच छापते आहे. तिचा तुम्हाला एकच निरोप आहे, तो शेवटच्या ओळीत देते:

ता. क. (हाताने): वर निरोप दिसत नसेल. तो प्रिंटरच्या पोटात आहे. आई म्हणाली, आता कळेल त्याला. निरोप असा: तुमच्या नातवंडासाठी पांघरुणाचा नमुना तिने केला आहे. (हो, तिला सगळं ठाऊक आहे. आठवा महिना आहे हे मलाच तिने सांगितलं.) दोनशे बारा ओळी आहेत. माहितीपत्रकातलं ‘दोष’खालचं वाक्य तुम्ही बदललंत तर पांघरूण वेळेवर येईल. नाही बदललंत तरी वेळेवरच येईल, पण दोनशे अकरा ओळींचं.

ता. क. २ (हातानेच, आई झोपली आहे): काल मी नमुन्यांच्या फायली तपासल्या. आई शेवटच्या ओळीनंतर एंटर दाबत नाही. एकाही नमुन्यात नाही. मीही डायरीत दाबत नाही, आईवर गेले आहे. ओळ संपली हे प्रिंटरला कुणी सांगतच नाही, तो बिचारा वाट बघत बसतो. तिला आडून विचारलं तर म्हणाली, “काम संपल्यावर आणखी एक बटण कशाला दाबायचं?” तेव्हा मामा, तुमचंही बरोबर आहे. पण वाक्य बदला आणि फोन करा, या वेळी ती उचलेल. मात्र हे आईला कधीही कळता कामा नये.

तुमची भाची

(डायरीत) उद्या: फोन आईच्या खुर्चीपर्यंत पोचेल एवढी लांब वायर आणणे.