आंबट तेल

दि. ११ मार्च

चिरंजीव प्रोफेसर यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचून तीन आठवडे झाले. माझे गुडघे तसेच, खोकला जरा कमी. तू प्रयोगशाळेतून आल्यावर जेवणाआधी हात नीट धुतोस ना? हसशील, पण कळव. आईची रक्तदाबाची गोळी चुकत नाही ना, तेही.

रिफायनरीतल्या नव्या कामगारांसाठी तू शब्दांचं पुस्तक करतो आहेस आणि सातवी नापास काकाला अर्थ विचारतोस. बाकीचे बारा शब्द सोबत लिहिलेत. ‘आंबट तेल’ तेवढं राहिलं होतं. चार कागद फाडले.

ज्या कच्च्या तेलात गंधक जास्त, ते आंबट. कमी असेल ते गोड. तुम्ही आकड्यांवरून ओळखता, आम्ही नाकाने ओळखायचो. त्यातून सुटणाऱ्या वायूला सडक्या अंड्यांचा वास येतो. तुझा बाप म्हणायचा, आंबट तेलाची टाकी धुतली की बायको घरात घेत नाही, दारातच अंघोळ घालते.

एवढ्यावर अर्थ पुरा होतो. मी इथेच थांबणार होतो.

पण वायू वाढला की नाकच मरतं आणि वास येईनासा होतो, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही समजायचो, वास गेला म्हणजे वायू गेला.

त्या दिवशी सकाळपासून मी टाकीच्या तोंडाशी होतो. दुपारी वास येईना. तुझा बाप म्हणत होता, वायू मोजणारा येईपर्यंत थांबू. मी मुकादम, त्यात थोरला भाऊ. म्हणालो, "वास गेलाय रे. उतर. किती भितोस?"

तो उतरला. वर आणला तेव्हा गेलेला होता.

चौकशीच्या कागदावर लिहिलं, परवानगीशिवाय उतरला. खाली सही माझी आहे. बावीस वर्षं तुझी आई ऐकते आहे, की तो स्वतःच्या उतावीळपणाने गेला. लहानपणी तू विचारायचास, बाबा का उतरले, आणि मी काहीतरी काम काढून उठायचो.

पुस्तकात लिही, वास आला तर उतरू नका, आणि येता येता थांबला तर आधी बाहेर पळा. उदाहरण म्हणून त्याचं नाव घालशील, तर ‘उतर’ कुणी म्हटलं तेही घाल.

हे पत्र आईला वाचून दाखव. तिच्यासमोर बसून सांगायचं धाडस मला झालं नाही, होणारही नाही.

‘तुझा काका’ असं लिहायला हात पुढे होत नाही. म्हणून,

तुझ्या बापाचा थोरला भाऊ