डाव्या हातातली बादली

बिश्केक, १२ मे

तोलोगोन बाइके,

तुमच्या धाकट्या बहिणीचा सलाम. तुम्ही, बुरुल वहिनी, लेक गुलसिना, सगळे बरे आहात ना? राखाडी घोडी व्याली का? यंदा कोचकोरला बर्फ फार रेंगाळला असं ऐकलं, म्हणजे मेंढ्या वरच्या कुरणात न्यायला उशीरच होणार.

सहा वर्षांनी लिहितेय. फोन केला असता, पण फोनवर तुम्ही "हं" म्हणता आणि लगेच वहिनींकडे देता. पत्र दिलंत तरी त्या चष्मा शोधेपर्यंत तुम्ही अर्धं वाचलेलं असेल.

माझं काम तेच. तुम्ही एकदा चिडवलं होतंत ना, की लोकांना चालायला शिकवण्याचा पगार घेतेस, ते तर शेळीलाही येतं म्हणून. खरंय. पण शेळीला ते कसं येतं हे तिला ठाऊक नसतं, आणि आमच्या क्रीडा संस्थेत येणाऱ्या पैलवान पोरांनाही नसतं. पहिल्या तासाला मी सगळ्यांना उभं करते आणि सांगते, पाय न हलवता पुढे झुका. बेंबीच्या जरा खाली, शरीराच्या आत, एक जागा असते. सगळं वजन जणू तिथं गोळा झालेलं असतं. तिथून सरळ खाली सोडलेली रेघ पावलांच्या आत आहे तोवर माणूस उभा, बाहेर गेली की पडलाच. पोरं झुकतात, झुकतात, आणि अगदी शेवटच्या क्षणी प्रत्येकाचा एक पाय आपोआप पुढे येतो. मग मी म्हणते, झालं, हेच चालणं. आपण दर पावलाला पडतो आणि दर पावलाला स्वतःला झेलतो. पंधरा वर्षं हे एकच वाक्य बोलतेय, तरी अजून अंगावर काटा येतो.

मार्चमध्ये गुलसिनाने तुमची एक चित्रफीत पाठवली. तिला रागवू नका, मीच मागितली होती. तुम्ही झऱ्यावरून पाणी आणताय, वाटेवर बर्फ, डाव्या हातात काठोकाठ भरलेली बादली. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना तुमच्यापुढे केवढी अक्कल पाजळली होती, आठवतं? पाय डावा अधू, आणि ओझंही डाव्याच हातात घेता? उजव्या हातात घ्या म्हणाले होते. तुम्ही म्हणालात, "मला काय सांगतेस, माझ्या पायाला सांग."

परवा ती फीत मी प्रयोगशाळेत अगदी संथ करून पाहिली, एकेक क्षण थांबवून. बाइके, मी थक्क झाले. माणूस एका पायावर आला की बाकीचं अंग दुसऱ्या बाजूला कलायला बघतं. टेकलेल्या पायाच्या खुब्याचे स्नायू ते ओढून धरतात. तुमचे ते स्नायू तेराव्या वर्षी घोड्यावरून पडलात तेव्हाच निकामी झाले. म्हणून डावा पाय टेकला की तुमचं धड डावीकडे झुकतं. लोक त्याला लंगडणं म्हणतात. पण त्या झुकण्याने वजन थेट सांध्यावर येतं आणि ओढून धरायचं काम कमी होतं. वर डाव्या हातातली बादली! तराजूच्या पारड्यासारखी तीही त्याच बाजूला ओढते. गेलेल्या स्नायूंचं काम ती बादली करते. मी तीनदा गणित मांडलं. माझं ऐकून उजव्या हातात घेतली असतीत, तर तो पाय केव्हाच बसला असता.

मला हे कळायला एक पदवी आणि शिकवण्याची पंधरा वर्षं लागली. तुम्हाला तर शिकवणारंही कोणी नव्हतं. एका विद्यार्थ्याने विचारलं, हे कोण? मी म्हटलं, माझे मोठे भाऊ. आणि फीत पुन्हा पहिल्यापासून लावली.

आता किती वेळ इकडचं तिकडचं लिहू. माझ्या तेमिरच्या दोऱ्याच्या दिवसाबद्दल लिहायचंय.

तो चालायला लागला म्हणून त्याच्या पायात काळ्या-पांढऱ्या लोकरीचा दोरा बांधला होता. मामा म्हणून दोरा आपण कापायचा, या हौसेने तुम्ही स्वतः घडवलेली सुरी घेऊन चार तास गाडीत बसून आलात. सासूबाई बायकांत म्हणाल्या, "कापणाऱ्याची चाल पोराला लागते. लंगड्याने कापला तर पोर जन्मभर फरफटेल." मी ऐकलं. तुम्हीही ऐकलंत. मी तुमच्याकडे न बघता म्हणाले, "बाइके, जरा चहाचा समोवार बघता का?"

तुम्ही गेलात. परत आलात तोवर माझ्या नवऱ्याच्या, कुबातच्या, धावपटू मित्राने दोरा कापला होता. सुरी खिशात घालून, ताटाला हात न लावता तुम्ही निघून गेलात. सासूबाई अडाणी आहेत, मी काय करणार, असं मी स्वतःला सहा वर्षं समजावतेय. ते खोटं आहे. त्या क्षणी मलाही भीती वाटली होती. एवढ्या शिकलेल्या मला.

माझी धाकटी, आकमारल, सोळा महिन्यांची झाली. तिच्याबद्दल एक गोष्ट तुम्हाला कळवली नाही. जन्मतःच तिचा डावा खुबा जागेवर नव्हता, आणि आम्हाला कळायला उशीर झाला. मला, जी इतरांच्या सांध्यांवर व्याख्यानं देते! सात महिने पाय पट्ट्यात बांधलेले होते. पुढे शस्त्रक्रिया करू, पण चाल थोडी कलतीच राहील, असं डॉक्टर म्हणतात.

मागच्या मंगळवारी ती भिंतीला धरून उठली आणि हात सोडून चार पावलं चालली. डावा पाय टेकला की धड डावीकडे. अगदी तुमच्यासारखं. सोळा महिन्यांच्या पोरीला हे गणित कोणी सांगितलं? मग धपकन बसली आणि हसायला लागली. रडायचं सोडून मी नुसती बघत राहिले, डोळे दिपल्यासारखी.

सासूबाईही बघत होत्या. मी त्यांना म्हटलं, हिचा दोरा तोलोगोन बाइके कापतील. त्यांनी आकमारलला उचलून मांडीवर घेतलं. मग म्हणाल्या, "आपण त्याला भरल्या घरातून उठवलं. तो कशाला येईल?"

माफी मी तुमच्यासमोर उभी राहून मागेन, पत्रात उरकणार नाही. पण बोलावतेय ती माफीसाठी नव्हे. पळणाऱ्याची चाल माझ्या पोरीच्या काय कामाची? बर्फावरून, उतारावरून, भरलं भांडं घेऊन त्या पायाने कसं जायचं ते तुम्हाला येतं. तिला तुमचीच चाल लागू दे.

रविवार, २६ मे. कापणार असाल तुम्हीच, नाहीतर कोणीच नाही. तुम्ही आला नाहीत तर दोरा बांधणारच नाही. त्या दिवशी समोवार मी बघेन.

तुमच्या चालीने चालणाऱ्या पोरीची आई,
साइरा