समुपदेशक बाईंनी मागितलेल्या भावना

लिहून ठेवणार मी, वय एकसष्ट, धंदा कचेरीबाहेर बसून लोकांचे दस्त लिहिणे. डोकं ठिकाणावर आहे, मूत्रपिंडं नाहीत. उद्या धाकट्या बहिणीचं एक मला बसवणार आहेत. वॉर्डातल्या समुपदेशक बाई म्हणतात, ऑपरेशनआधी मनातलं कागदावर उतरवा, हलकं वाटेल. परवा त्यांनी विचारलं, "काका, तुमच्या भीतीचा रंग कोणता?" मी म्हटलं, "मी रंगारी नाही." मला लिहिता येतं ते एवढंच. म्हणून कोणाच्याही दडपणाशिवाय, बाईंचं सोडून, हे मृत्युपत्र करतो.

कलम १. राहतं घर धाकटीला. स्वयंपाकघरातला नळ गळतो, तो तिनेच बघावा. सगळ्यातलं तिलाच कळतं.

कलम २. टाइपरायटर शेजारच्या टेबलावरच्या दस्तलेखकाला. जन्मभर माझे मसुदे ढापले, आता यंत्रही न्यावं.

कलम ३. धाकटीच्या नवऱ्याला माझी छत्री. "त्या तुसड्या माणसासाठी पोट फाडून घेतेस?" असं तो तिला म्हणाला, ते मी दाराआडून ऐकलं. प्रश्न रास्त होता, म्हणूनच मला तो माणूस आवडत नाही.

कलम ४. बसवलेलं मूत्रपिंड माझ्या स्वकष्टार्जित मिळकतीत मोडत नाही. मालकी धाकटीची, मी नुसता वहिवाटदार. मी घरात दिवसदिवस तोंड उघडत नाही म्हणून तिने आईला माझ्याकडून उचलून नेलं. तेव्हापासून आमचा अबोला. डॉक्टरांनी दाता विचारला, तर ही न बोलावता आली, बाही वर करून बसली आणि मला म्हणाली, "तू गप्पच बस." याचा मला राग आहे. आणखी काय आहे ते बाईंनी शोधावं, त्यांना पगार त्याचाच मिळतो.

बाईंनी वाचलं. म्हणाल्या, "छान आहे, पण यात भावना कुठे आहेत?" मग कागद धाकटीने घेतला. लग्नाआधी ती माझे दस्त नकलून द्यायची.

"दादा, एक कलम राहिलं. मी तुझ्याआधी गेले, तर घर कोणाला?"

त्या कलमाशिवाय मी कधी कोणाला मृत्युपत्र दिलेलं नाही. जे लिहायला बिचकले, त्यांना झापलं.

"राहिलेलं नाही," मी म्हटलं. "लिहिणार नाही."

तिने कागद परत माझ्यापुढे ठेवला.

कलम ५. मला भीती वाटते. माझ्यासाठी नव्हे.

सही: माझी.
साक्षीदार: पलीकडच्या खाटेवरचा सुतार, समुपदेशक बाई.
ठिकाण: वॉर्ड, खिडकीजवळची खाट.
तारीख: ऑपरेशनच्या आदल्या दिवसाची.