नकाशात तिथं काही नाही

पिंप्राळा, जळगाव
५ एप्रिल २०२६

ती. सौ. अक्कास,

जितूचा नमस्कार. इकडे सगळं ठीक. ऊन बेचाळीसला गेलंय. ज्योत्स्नानं गच्चीवर ज्वारीचे बिबडे वाळत घातलेत, नणंदबाईंचा वाटा वेगळा काढून ठेवलाय. धुळ्याहून निघताना डबा रिकामा आण.

रोज फोनवर बोलणारा भाऊ पत्र कशाला लिहितो, म्हणून हसशील. फोनवर मी उन्हाबद्दल बोलतो आणि ठेवून देतो, म्हणून लिहितोय.

तू नेहमी विचारतेस, दिवसभर करतोस तरी काय. परदेशात लोक कॉम्प्युटरच्या खेळात गोल्फची मैदानं बनवतात. त्यांना खरे चढउतार हवे असतात. उपग्रहानं मोजलेली जमिनीची उंची मिळते. ती मी हवी तेवढी कापतो, झाडं-घरं पुसून नुसती जमीन ठेवतो आणि तिचं काळं-पांढरं चित्र करतो. उंच ते पांढरं, खोल ते काळं. ते चित्र वाचून खेळ डोंगर उभे करतो. नाना गावात सांगतात, पोरगा डोंगर विकतो. अगदीच खोटं नाही.

गेल्या महिन्यात एकाला कोरडी टेकडी हवी होती. मी आपली दिली, चोपड्याच्या शेतातली. जुन्या मोजणीत ती अजून अख्खी आहे. माथ्यावर मी एक झाड लावून दिलं. त्यानं कळवलं, टेकडी छान, झाड चेंडूच्या वाटेत येतं, काढा. मी काढलं आणि चहा प्यायलो. काही वाटलं नाही. अक्का, वर्षभर मला काहीच वाटत नाही. ज्योत्स्ना विचारते, तब्येत बरी ना? मी म्हणतो, बरी.

केळीसाठी टेकडी सपाट करायची ठरली, तेव्हा नानांची एकच अट होती. आईची राख पुरून आपण लिंब लावला, तेवढी जागा सोडायची. कुठं खणायचं, कुठं सोडायचं, तो नकाशा मी इथं खुर्चीत बसून केला. लिंब मात्र धनसिंगच्या जेसीबीखाली गेला. तेव्हापासून धनसिंग समोरून आला की नाना वाट बदलतात. परवा तू म्हणालीस, अखाजीच्या सणाला आले की त्याच्या दारात जाऊन जाब विचारीन.

नको विचारूस.

त्या दिवशी त्यानं लिंबाजवळ उभं राहून मला फोन केला होता. "जितूभाऊ, आठे लिंब शे. तुम्हना नकाशामा खूण तं तिकडे शे. काय करू?"

मी स्क्रीनवर पाहिलं. म्हटलं, "बांधाकडचं दुसरं झाड असेल. नकाशात तिथं काही नाही. चालू दे."

"एकदाव ईसन देखी ल्या ना, भाऊ."

दीड तासाचा रस्ता. मी गेलो नाही.

नकाशात काही नव्हतंच. झाडं मीच पुसली होती आणि लिंबाची खूण अंदाजानं केली होती.

नकाशा बघून खणलं नाहीस, म्हणून संध्याकाळी नाना त्याच्यावर ओरडले. तो मान खाली घालून उभा राहिला, माझं नाव काढलं नाही. मीही काढलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर वर्षभर बघत बसलाय.

मी सोडायला सांगितलेला उंचवटा लिंबापासून चाळीसेक पावलांवर तसाच उभा आहे, वर गवतसुद्धा नाही. नाना रोज त्यावर तांब्याभर पाणी ओततात. दिवाळीत मी म्हटलं, नाना, तिथं काही नाही. म्हणाले, "पानी जमीनमाच जास रे."

मला तेव्हा रडू यायला हवं होतं.

अखाजीला तू आईच्या नावाची घागर घेऊन येशीलच. आदल्या दिवशी मी धनसिंगकडे जाणार आहे, मग नानांसमोर. त्यानंतर तुला माझं तोंड बघावंसं वाटलं नाही, तर बिबडे ज्योत्स्नाकडून घे. पण पाणी त्या उंचवट्यावर घालू नकोस. लिंब नेमका कुठं होता, ते धनसिंगला माहीत आहे. मी त्याला विचारीन, आणि या वेळी पायी जाऊन बघीन.

जागेवर न गेलेला,
तुझा जितू